न्यूयॉर्क : शाळेच्या बजेटवर मत द्यायचंय, पण पत्रक कळत नाहीये. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लाँग आयलंडवर राहून बरीच वर्षं झाली. नागरिकत्व गेल्या वर्षी मिळालं, त्यामुळे येत्या मंगळवारी, १९ मे २०२६ ला, शाळेच्या बजेटवर आणि शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या निवडणुकीत पहिल्यांदाच मत देणार आहे. आजवर हे प्रकरण म्हणजे अंगणाअंगणात रोवलेल्या पाट्या आणि त्या दिवशी शाळेपाशी गाडी लावायला जागा न मिळणं, एवढंच ठाऊक होतं.

स्कूल डिस्ट्रिक्टकडून (आमच्या भागातल्या सरकारी शाळांचा विभाग) टपालाने पत्रक आलंय. फ्रिजवर लावलंय, चहा उकळेपर्यंत रोज वाचतो. तीन रकाने आहेत: यंदाचं बजेट, पुढच्या वर्षीचं प्रस्तावित आणि तिसरा ‘कंटिन्जन्सी’. एकूण बजेट ३.४ टक्क्यांनी वाढतंय, पण ‘टॅक्स लेव्ही’ १.९ टक्क्यांनीच. माझ्या घराचा टॅक्स नक्की किती वाढणार, हे काही सापडेना.

शेजारचे आजोबा म्हणतात, ‘नो’ टाक, दरवर्षी हेच चाललंय. त्यांचंही खोटं नाही, पेन्शन आहे तेवढीच आणि टॅक्स मात्र चढता. इकडे पोरगा चौथीत, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवतो (वाजवतो म्हणजे, सध्या बिजागरीला तेल नसल्यासारखं ऐकू येतं). त्याच्या मित्राची आई म्हणाली, बजेट पडलं तर पहिली कुऱ्हाड संगीतावर आणि खेळांवर. खरंच तसं होतं, की नुसती भीती?

शिवाय बायकोकडे अजून ग्रीन कार्डच आहे. घर दोघांच्या नावावर, टॅक्स दोघांच्या पगारातून. तिला मत देता येईल का? आणि बोर्डाच्या दोन जागांना तीन उमेदवार आहेत, तिघांच्याही पत्रकात ‘मुलांचं हित’ आहे. निवडायचं कसं?

मी साताऱ्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. शाळेचं बजेट किती, ते कोण ठरवतं, हे आमच्या वडिलांना कधी कुणी विचारलं नाही. पत्रा गळायला लागला की बाक सरकवायचे, झालं. त्यामुळे हे सगळं नवीनच आहे.

– व्हायोलाचे_बाबा

बेटावरचा_बंड्या :
बजेटची वाढ आणि टॅक्सची वाढ या वेगळ्या गोष्टी. समजा बजेट १० कोटी डॉलर. त्यातले ३ कोटी राज्य देणार, अर्धा कोटी इकडून तिकडून, उरलेले साडेसहा कोटी प्रॉपर्टी टॅक्समधून गोळा करायचे. ही शेवटची रक्कम म्हणजे लेव्ही. ती घरांच्या असेसमेंटप्रमाणे, म्हणजे टॅक्ससाठी ठरवलेल्या किमतीप्रमाणे, वाटली जाते. तुमची असेसमेंट इतरांपेक्षा जास्त वाढली तर लेव्ही १.९ ने वाढूनही तुमचं बिल ४ ने वाढू शकतं. म्हणून तो आकडा पत्रकात नाही. खाली ‘स्टार’च्या (घरमालकांना शाळेच्या टॅक्समध्ये मिळणारी सवलत) बचतीचा जो आकडा आहे, तो एक लाख डॉलरच्या नमुना घराचा. लाँग आयलंडवर एक लाखात गॅरेज मिळालं तरी कळवा.

२०११ च्या कायद्याने लेव्हीला लगाम आहे: २ टक्के किंवा महागाईचा दर, यातलं कमी असेल ते. काही सवलती धरून प्रत्येक डिस्ट्रिक्टची मर्यादा वेगळी निघते. मर्यादेच्या आत साधं बहुमत पुरतं, ओलांडायची तर ६० टक्के मतं लागतात.

मेमध्ये पडलं तर बोर्ड तेच किंवा कापलेलं बजेट जूनच्या तिसऱ्या मंगळवारी पुन्हा मांडू शकतं. दुसऱ्यांदा पडलं की कंटिन्जन्सी, म्हणजे लेव्ही गेल्या वर्षीइतकीच, एक डॉलर वर नाही. शिक्षकांचे पगार आणि आरोग्यविमा मात्र वाढतच राहतात. तुमच्या पत्रकातल्या दुसऱ्या रकान्यातून तिसरा वजा करा, जेवढं उरेल तेवढं कुठूनतरी कापायचं. ऑर्केस्ट्राच जाईल असं कायद्यात कुठे नाही. ते बोर्ड ठरवतं, आणि जे सक्तीचं नाही ते आधी डोळ्यांवर येतं.

सरोज_मावशी :
बायकोला मतदार नोंदणीच्या फॉर्मला हातसुद्धा लावू देऊ नका! इथे नागरिकत्व, १८ वर्षं पूर्ण आणि डिस्ट्रिक्टमध्ये ३० दिवसांचं वास्तव्य लागतं. टॅक्स भरतो म्हणून मत मिळत नाही, आणि चुकून दिलेलं मत उद्या तिच्या नागरिकत्वाच्या अर्जात आडवं येईल. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना शाळा बोर्डाला मत देता येतं, तिथल्या मतदारांनीच २०१६ ला तसं ठरवलं. आपल्याकडे नाही. पण बोर्डाच्या मीटिंगला ती जाऊ शकते आणि सहसा लोकांना बोलायला वेळ देतात.

उमेदवारांना पक्षाचं चिन्ह नसतं आणि निवडून आल्यावर पगारही नसतो. कुणी आधीपासून बोर्डावर असेल तर त्याने कशावर काय मत दिलं, हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये (इतिवृत्तात) सापडतं. बाकीच्यांना सरळ ईमेल करा: कापायची वेळ आली तर आधी काय कापाल? कोण गोलमोल बोलतो ते लगेच कळतं.

एडिसनची_चाळ :
आमच्याकडे न्यू जर्सीत २०१२ पासून बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेलेल्या डिस्ट्रिक्टना लेव्हीची वाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असलेल्या बजेटवर मतदानच घ्यावं लागत नाही. डोक्याला ताप नाही. पण मग टॅक्सवर ओरडायला जागाही नाही.

व्हायोलाचे_बाबा :
सगळ्यांचे आभार. बायकोला मावशींचा प्रतिसाद दाखवला, ती आता जूनच्या मीटिंगला जाणार म्हणतेय. वजाबाकी केली, फरक वाटला त्यापेक्षा बराच मोठा आहे. मत ‘यस’कडे झुकलंय, पण आजोबांना अजून सांगितलेलं नाही.

एक नवीनच भानगड. टॅक्स बँक एस्क्रोमधून (घराच्या हप्त्याबरोबर त्यासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून) परस्पर भरते, त्यामुळे शाळेचं बिल मी आजवर डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. काल काउंटीच्या साइटवरून मागची दोन बिलं काढली, तर असेसमेंट चांगलीच वाढलेली दिसतेय. यावर ग्रीव्हन्स (असेसमेंट कमी करायचा अर्ज) कुणी स्वतः भरलाय का, की एजंट गाठलेला बरा?