डिझाइन ऑफिस वर न्यावं की शॉपजवळच (कारखान्यात काम चालतं तिथंच) ठेवावं?

उद्यमबागकर: नमस्कार मंडळी. आमची फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) बेळगावच्या उद्यमबागेत आहे, मी मेथड (धातू साच्यात कसा ओतायचा ते ठरवणं) आणि पॅटर्नचं (साच्याच्या नमुन्याचं) काम बघतो. आता मच्छेला नवीन शेड बांधायलोत. नकाशात डिझाइन, क्वालिटी, परचेस सगळे वरच्या मजल्यावर एकाच हॉलमध्ये, मध्ये भिंत नाही. जिना बाहेरून. मालक म्हणतात, एकत्र बसले की आपोआप बोलतील.

मला हे अजिबात पटत नाही. आज माझ्या टेबलासमोरच मोल्डिंगचं (साचे बनवायच्या विभागाचं) दार आहे. कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी, निघालं की मोल्डर काका तो तुकडाच उचलून टेबलावर ठेवतात. ते कन्नडमध्ये बोलतात, मी मराठीत, आणि रायझर (आकसणाऱ्या भागाला जादा धातू पुरवणारी साच्यातली जागा) कुठं वाढवायचा ते तिथंच ठरतं. जुलैच्या पावसात हातात कास्टिंग घेऊन ते बाहेरचा जिना चढतील? मालकांना दाखवायला काही ठोस आहे का?

टिळकवाडी: आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे थॉमस अ‍ॅलन यांनी संशोधन संस्थांतले इंजिनिअर एकमेकांशी किती वेळा बोलतात ते मोजलं. १९७७च्या पुस्तकात त्याचा आलेख आहे. टेबलं लांब गेली की बोलणं झपाट्यानं घटतं, आणि ५० मीटरच्या पुढं तर नियमित बोलणं जवळजवळ उरतच नाही.

खानापूर रोड: भिंती काढल्या की बोलणं वाढतं, हेही खरं नाही. हार्वर्डच्या बर्नस्टाइन आणि टर्बन यांनी दोन कंपन्यांत लोकांच्या अंगावर सेन्सर लावून बघितलं (२०१८). मोकळा हॉल केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्के कमी झालं, ईमेल वाढले. चहूकडून नजर असली की माणूस स्क्रीनमध्ये डोकं घालतो. मी तसल्या हॉलमध्ये काम केलंय, शेजारच्यालासुद्धा मेसेज टाकायचो.

फेटलिंगवाला: दादा, परचेस जाऊ दे वर. मेथड आणि क्वालिटी खाली ठेवा, मोल्डिंगला लागून काचेची केबिन. धूळ, आवाज अडवायला दुहेरी दार लागेल, त्याचा खर्च आत्ताच धरा. चहाची जागापण खालीच, मधोमध.

उद्यमबागकर: आभारी आहे सगळ्यांचा. केबिनचं मालकांना आजच सांगतो. फक्त सीएमएम मशीनला (भागांची अचूक मापं घेणारं यंत्र) एसी खोली लागते, ती वरच जाणार असं दिसतंय. मग क्वालिटीचा निदान एक माणूस तरी कायम खाली बसवायचा, हे मी धरून ठेवणार. दुहेरी दाराचं काम इथं कुणी केलंय का? साधारण खर्च कळला तर बरं होईल.