साथीचा हिशेब मांडताना बुडालेला रोज कसा मोजायचा?

मूळ मत
अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील क्लार्क काउंटीत २०१९ साली गोवराची साथ आली. रुग्ण अवघे ७२ होते, तरीही समाजाला पडलेला भुर्दंड संशोधकांनी सुमारे ३४ लाख डॉलर, म्हणजे दर रुग्णामागे ४७ हजारांहून अधिक डॉलर, इतका काढला. त्यात औषधोपचाराचा वाटा जेमतेम ७६ हजार डॉलर होता. दोन तृतीयांश रक्कम संपर्कातील लोकांचा शोध आणि साथ आवरण्याची इतर कामे यांतच गेली. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईत पसरलेल्या गोवराचा असाच हिशेब मांडून तो लसीकरणाच्या तरतुदीशेजारी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (असहमत)
आपल्या हेतूशी नव्हे, मोजमापाशी माझा मतभेद आहे. कामाचे नुकसान बुडालेल्या मजुरीवरून मोजले जाते. मग गोवंडीत जरीकाम करणारी आई तापलेल्या मुलाला मांडीवर घेऊन आठवडाभर घरी बसली, तर तिचा बुडालेला रोज हिशेबात इतका थोडा भरतो की गरिबांच्या वस्तीतली साथ स्वस्त ठरते, आणि तिच्या घरी मात्र किराणा उधारीवर येतो. मूल नऊ महिन्यांचे झाल्यावर पहिला डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा, म्हणजे कामावर दोन खाडे. लस मोफत असली तरी तो दिवस मोफत नसतो. आधी संध्याकाळची आणि रविवारची सत्रे सुरू करावीत.

मूळ लेखक
मजुरीचा मुद्दा मला मान्य आहे. माझ्या मांडणीतली ती उणीवच आहे. परंतु रविवारच्या सत्रासाठी मनुष्यबळ मागायचे, तर अंदाजपत्रकासमोर आकडाच ठेवावा लागतो. त्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने साथीच्या भागांतील नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना जादा डोस देण्याचा विचार करावा असे सुचवले. अशा मोहिमेसाठी घरोघर फिरणाऱ्या आशा सेविकांची नेहमीची कामे मागे पडतात, तो खर्च कोणत्या वहीत लिहायचा?

प्रतिसाद २
मी काही वर्षे लसीकरण सत्रांवर काम केले आहे आणि दोघांचाही भर मला चुकीच्या जागी वाटतो. लस टोचल्यानंतर आठवडाभराने मुलाला ताप येऊ शकतो, हे आईला आधी सांगितलेच नसेल, तर आणखी एक खाडा पडल्यावर दुसऱ्या डोसला ती येत नाही, मग सत्र रविवारी असो की सोमवारी. तापाचे नीट समजावून सांगितलेल्या आया मात्र बहुतेक वेळा परत आल्या, आणि त्या समजावण्याला प्रत्येकीमागे पाच मिनिटे लागत.