मदत हवी आहे: रोमन साम्राज्य नक्की कधी संपलं धरायचं?

रिटायर झाल्यावर युरोपचा इतिहास वाचायला घेतलाय. ग्रीसपासून वास्को द गामा कालिकतला उतरेपर्यंत, एवढाच बेत. जुन्या कॅलेंडरची पानं पाठकोरी जोडून लांब पट्टी केली, भिंतीवर लावली. इ.स. ४७६ वर लाल पेनाने जाड रेघ ओढून 'रोम खलास' लिहिलं नि खूश झालो.

मग विजापूरला गेलो. मुलूखमैदान तोफ, तोंडाशी जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती. ती १५४९ साली अहमदनगरात ओतणारा महंमद रूमी. रूमी म्हणजे तुर्कांच्या 'रूम' मुलखातला, आणि ते रूम म्हणजे चक्क रोम! माझ्या पट्टीवर ते हजार वर्षांपूर्वीच खलास.

शिवाय ८०० साली पोपने फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याला रोममध्ये सम्राटाचा मुकुट घातला, आणि पूर्वेचे कॉन्स्टँटिनोपलवाले (आजचं इस्तंबूल) तर १४५३ पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते. रेघ कुठे ओढू? जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १
काका, रेघ राहू द्या, वरचं लिहिलेलं बदला: 'पश्चिमेत सम्राट नाही'. ४७६ ला ओडोएसर या जर्मानिक सरदाराने पोरसवदा सम्राट रोम्युलसला हटवलं, पण स्वतः सम्राट झाला नाही. रोमच्या सिनेटचे (जुन्या मानकऱ्यांच्या सभेचे) दूत पूर्वेचा सम्राट झीनो याच्याकडे गेले: आम्हाला वेगळा सम्राट नको, तुम्ही एकटे पुरे. म्हणजे कागदोपत्री साम्राज्य चालूच.

८०० साली कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर आयरीन होती, पोटच्या मुलाचे डोळे काढवून बसलेली. बाई सम्राट कशी, म्हणून पश्चिमेकडे गादी रिकामी धरणं सोयीचं झालं. पूर्वेच्या साम्राज्याला 'बायझंटाइन' तर पुढे १६व्या शतकात जर्मन विद्वान वोल्फ म्हणू लागला.

राजांच्या याद्या पाठ करू नका, त्याने डोकंच उठतं. एक शहर धरा. कॉन्स्टँटिनोपल: ३३० ला राजधानी, १२०४ ला धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्त्यांनी लुटलं, १४५३ ला तुर्की सुलतान मेहमदने घेतलं आणि तो स्वतःला कैसर-ए-रूम, म्हणजे रोमचा सम्राट, म्हणवू लागला. तुमचा तोफवाला ह्याच धाग्याला लागतो.

धागाकर्ता
वा! 'खलास'वर कागद डकवला. पण ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्यांचंच शहर का लुटलं?

प्रतिसाद १
उधारी! व्हेनिसशी जहाजांचा सौदा ८५,००० चांदीच्या मार्कांना ठरला, पण धर्मयुद्धाला माणसं आली ठरल्याच्या निम्मीही नाहीत, पैसे कमी पडले. मग कॉन्स्टँटिनोपलच्या परागंदा राजपुत्राने सांगितलं, मला गादीवर बसवा, पैसे मी देतो. बसवलं, पण त्याच्याच्याने पैसे फिटेनात, शेवटी शहरच लुटलं. पुढचं नवीन धाग्यात विचारा, मोठं प्रकरण आहे.