व्हीगन पास्तिएरा: अंडी, रिकोत्ता, चरबी सगळं काढल्यावर उरतं काय?

सालेर्नोची_सून

मंडळी, ईस्टर तीन आठवड्यांवर आलाय आणि माझं डोकं पास्तिएरात अडकलंय.

माहीत नसलेल्यांसाठी: पास्तिएरा हा नेपल्स आणि आसपासच्या कांपानिया भागातला ईस्टरचा टार्ट. बाहेरून फ्रोल्ला, म्हणजे गोड खुसखुशीत पारी. आत रिकोत्ता (पनीरसारखं मऊ, ताजं चीज), दुधात शिजवलेला अख्खा गहू, साखर, ढीगभर अंडी, साखरेत मुरवलेल्या फळांचे तुकडे आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. वर पट्ट्यांची जाळी. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, तरी बरणीतला तयार गहू घरात येऊ देत नाहीत. कोरडा गहू तीन दिवस भिजवायचा आणि रोज पाणी बदलायचं, हे काम अजून त्यांच्याकडेच आहे. पारीत त्या सुन्या घालतात, म्हणजे डुकराची चरबी.

लेक बोलोन्याला शिकते. गेल्या उन्हाळ्यापासून ती व्हीगन झाली, म्हणजे दूध, अंडी, मध, प्राण्यांचं काहीच खात नाही. नाताळात सगळे स्ट्रुफोली, म्हणजे मधात घोळवलेल्या तळलेल्या गोळ्या, खात होते (त्यात अंडंही आणि मधही), आणि ही संत्रं सोलत बसली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण ताटं उचलताना तिच्यापुढच्या सालींकडे त्यांनी दोनदा बघितलं. तेव्हापासून माझ्या मनात हे घोळतंय.

मागच्या रविवारी एक प्रयोग केला. विकतचा टोफू वाटला आणि अंड्यांऐवजी छोल्यांचं पाणी फेटून घातलं. ओव्हनमध्ये असा काही फुगला की मी नवऱ्याला बघायला बोलावलं. तो येईपर्यंत मधोमध बसला, जाळी आत बुडाली, आणि घरभर छोल्यांचा वास. नवऱ्याने एक घास खाऊन "इंटरेस्टिंग" म्हटलं. इटालियन माणूस जेवणाला इंटरेस्टिंग म्हणतो तेव्हा समजून जायचं.

तर अंड्याला काय, रिकोत्ताला काय, सुन्याला काय? आणि सासूबाईंपासून लपवून करायचं नाहीये.

भट्टीवाला

ताई, नेपल्समध्ये एका पेस्ट्रीच्या भटारखान्यात सहा वर्षं काढलीत, म्हणून बोलतो. तुमची चूक टोफूची नाही, फेटण्याची आहे. पास्तिएरा फुगायलाच नको. अंड्यांच्या पास्तिएरातही मिश्रणात हवा भरली की तो ओव्हनमध्ये वर येतो आणि बाहेर काढल्यावर तडकतो. इथे अंड्याचं काम मिश्रण बांधून ठेवायचं आहे, आणि ते काम स्टार्च करतो.

रिकोत्ता घरीच करा, आपण पनीर करतो तसा. साखर नसलेलं, फक्त सोयाबीन आणि पाणी असलेलं सोया दूध २ लिटर घ्या. उकळी फुटायच्या बेतात आलं की गॅस बंद करून लिटरमागे ४० मिली लिंबाचा रस घाला. ढवळत बसू नका, दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग फडक्यात बांधून ठेवा. साधारण ५०० ग्रॅम मिळेल. ओट किंवा तांदळाच्या दुधाच्या वाटेला जाऊ नका. त्यांत प्रथिनं कमी, ती फाटतच नाहीत. या रिकोत्तात २५० ग्रॅम साखर मिसळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

३०० मिली बदामाच्या दुधात ५० ग्रॅम कॉर्नस्टार्च घालून घट्ट क्रीम शिजवा. रंगासाठी चिमूटभर केशर. हळद नको, वास मारते.

आता खरी गोम गव्हात आहे. ३५० ग्रॅम शिजलेला गहू बदामाच्या दुधात लिंबाची साल टाकून पुन्हा आटवा, पार लापशीसारखा होईपर्यंत. त्यातला एक तृतीयांश मिक्सरमधून काढा. गव्हाचा स्वतःचा चिकटपणा सुटतो आणि निम्मं बांधायचं काम तिथेच होतं. सासूबाईंचा गहू असेल तर सोन्याहून पिवळं.

फुलांचं पाणी सगळ्यात शेवटी, सगळं गार झाल्यावर. गरम मिश्रणात घातलंत तर वास उडून जातो. १७० अंशांवर तासभर भाजा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. गुरुवारी करा, रविवारी कापा. त्याआधी चव लागत नाही, अंड्यांच्यालाही नाही.

चौकस_मावशी

एवढा खटाटोप कशाला? सिसिलीतलं बियांकोमांजारे करा. बदामाचं दूध, साखर, स्टार्च, लिंबाची साल, झालं. कुणाला काही बदलावं लागत नाही.

सालेर्नोची_सून

मावशी, चांगलं लागतं, मीही करते. पण ईस्टरला टेबलावर सिसिलीचा पदार्थ ठेवला तर व्हीगनपेक्षा मोठं भांडण होईल.

भट्टीवालेदादा, पारीचं राहिलं.

भट्टीवाला

हो की. ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, ९० मिली सूर्यफुलाचं तेल, ८० मिली पाणी, अर्धा चमचा बेकिंग पावडर, लिंबाची साल. मळू नका, नुसतं गोळा करून अर्धा तास ठेवा. चरबीसारखी भुसभुशीत होणार नाही हे आधीच सांगतो, थोडी बिस्किटासारखी होते. मार्जरीन घेणार असाल तर डब्यावरचं वाचा, काही मार्जरीनमध्ये दुधाचे घटक असतात. आणि फळांत संत्रं आणि चेद्रोबरोबर (चेद्रो म्हणजे महाळुंग) कोकोत्साताही घाला, म्हणजे साखरेत मुरवलेला भोपळा. आजकाल लोक विसरतात.

सालेर्नोची_सून

ईस्टर झाला. हकिकत सांगते.

सासूबाईंना सरळ सांगितलं, गहू तुमचा हवाय. त्यांनी विचारलं, "दूध कशाचं?" मी बदामाचं म्हटल्यावर मान हलवली आणि म्हणाल्या, पूर्वी ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात हेच तर वापरायचे. एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. सोयाचं नाव मात्र मी जरा हळू आवाजात घेतलं.

गुरुवारी दोन झाले, एक त्यांचा, एक माझा. माझ्यावर जाळीच्या सहाच पट्ट्या बसल्या. त्यांनी न विचारता उरलेल्या पारीची सातवी लाटून लावली. रविवारी सुरी नीट फिरली, काप उभा राहिला. लेकीने दोन खाल्ले. सासूबाईंनी एक घास घेऊन बराच वेळ चावला. "गहू बरोबर आहे," म्हणाल्या. रिकोत्ताबद्दल चकार शब्द नाही. मग स्वतःच्याच पास्तिएराचा काप घेतला.

नवरा या खेपेला इंटरेस्टिंग म्हणाला नाही.

भट्टीवालेदादा, तळ मात्र मधोमध ओलसर राहिला. साचा ओव्हनच्या मधल्या फळीवर होता. सर्वांत खालच्या फळीवर ठेवला तर सुटेल का, की सोयाचा रिकोत्ता अजून निथळायला हवा होता?

भट्टीवाला

दोन्ही. फडकं रात्रभर टांगून ठेवा, आणि साचा सगळ्यात खाली.