रडार इमेजमधला स्पेकल काढायचाय, पण नदीचा काठच गायब होतोय (मदत हवी आहे)

ऊसपट्टा: लोकहो अर्जंट आहे. ऑगस्ट २०१९ च्या सांगलीच्या पुराचा नकाशा करतोय, उपग्रहाच्या रडार इमेजवर सगळीकडे रवा सांडल्यासारखे ठिपके, म्हणजे स्पेकल. ली फिल्टर (आजूबाजूच्या पिक्सेलच्या सरासरीने ठिपके पुसणारा) मारला की ठिपके जातात पण काठ, रस्ते, बांध सगळं फासलं जातं. कोणता फिल्टर वापरू? गाईडना गुरुवारी दाखवायचंय.

खडूस_काका: कुठला उपग्रह, जीआरडी (नुसती तीव्रतेची तयार इमेज) की एसएलसी (फेजसकटची मूळ इमेज), विंडो म्हणजे सरासरीचा चौकोन केवढा? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

ऊसपट्टा: सेंटिनेल-१ च, फुकट मिळते ना. जीआरडी, व्हीव्ही (लहर उभी पाठवून उभीच घेतलेली), स्नॅप सॉफ्टवेअरमध्ये, ११ बाय ११ पिक्सेल.

खडूस_काका: १० मीटरच्या पिक्सेलला ११० मीटरचा चौकोन झाला की, काठ राहील कसा? रिफाइन्ड ली (लीचाच सुधारलेला प्रकार) घे. तो आधी कड कुठल्या दिशेला जातेय ते बघतो आणि कडेच्या एकाच बाजूचे पिक्सेल धरून सरासरी काढतो.

हिरवळ: सेंटिनेल-२ (रडार नाही, साधा कॅमेऱ्यासारखा उपग्रह) का नाही घेत? रंगीत असतं, ठिपके नाहीत.

ऊसपट्टा: ऑगस्टमध्ये? ढगच दिसतील नुसते.

सिग्मा_शून्य: काका, रिफाइन्ड लीने शेतात वेडेवाकडे पट्टे उमटतात ते नाही सांगितलंत. त्यापेक्षा एकाच कक्षेच्या पाच-सहा तारखांच्या इमेज घेऊन मल्टी-टेम्पोरल फिल्टर (सगळ्या तारखांची मिळून सरासरी घेणारा) लाव, काठ शाबूत राहतो.

खडूस_काका: पुरात दर तारखेला पाणी वेगळं असतं राव!

सिग्मा_शून्य: प्रत्येक तारखेच्या इमेजला आधी तिच्याच स्थानिक सरासरीने भागून घेतात, म्हणून चालतं.

खडूस_काका: आणि ती स्थानिक सरासरी काढायला विंडोच लागते ना? नवीन पाण्याची कड थोडी तरी पुसणारच.

मिरज_जंक्शन: तुमचं चालू द्या. @ऊसपट्टा, फिल्टर डीबी (डेसिबल, म्हणजे लॉग स्केल) करायच्या आधी मारलास की नंतर?

ऊसपट्टा: नंतर. दिसायला बरं पडतं.

मिरज_जंक्शन: तिथेच गडबड आहे. स्पेकल गुणाकाराने येतो, जिथे परत येणारा सिग्नल जास्त तिथे तोही जास्त, आणि ली फिल्टर तेच धरून चालतो. लॉग घेतला की तो बेरजेचा होतो, मग फिल्टरचा हिशोबच चुकतो. आधी कॅलिब्रेशन (पिक्सेलचे आकडे खऱ्या मापात आणणं), मग फिल्टर, मग टेरेन करेक्शन (चढउतारामुळे सरकलेली इमेज नकाशावर बसवणं), डीबी सगळ्यात शेवटी. आणि नुसतं काळं तेवढं पाणी धरू नकोस, उभ्या उसात पाणी शिरलं तर पाण्यावरून आणि उसावरून असं दोनदा परावर्तन होऊन तो भाग उलट उजळ दिसू शकतो.

टेक्निशियन_ताई: सोनोग्राफीतही हाच स्पेकल असतो, आमच्या मशीनवर त्यासाठी एक बटण आहे.

ऊसपट्टा: ताई, इथे बटण असतं तर विचारलं असतं का. काका, रिफाइन्ड लीला विंडो किती ठेवू ते सांगा फक्त.

खडूस_काका: स्नॅप विचारतच नाही, ७ बाय ७ ठरलेली आहे. उघडून तरी बघ आधी.