कॅसिनो: रोमहून एका दिवसात

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईसाठी ओळखलं जाणारं इटलीतलं कॅसिनो गाव रोमहून एका दिवसात होईल का? आरामात होतं. टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनाहून थेट रेजिओनाले (प्रादेशिक) गाडी पकडा, साधारण दोन तास. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनवर शिक्का मारून घ्या. तिकीट असूनही दंड होतो तो इथेच.

गावावरच्या डोंगरातला मोन्टे कॅसिनो मठ ५२० मीटर उंचीवर आहे, वळणावळणाचा रस्ता आठ-नऊ किलोमीटर. बस मोजक्याच, त्यामुळे जाताना टॅक्सी करून आधी मठ उरकावा (खांदे झाकलेले हवेत), मग खाली कॉमनवेल्थ सैनिकांची दफनभूमी. तिथून मान वर करून पाहिलं की लिरी खोरं आणि रोमकडे जाणारा ६ क्रमांकाचा रस्ता त्या डोंगराच्या किती टप्प्यात होता ते कळतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये चौथी भारतीय डिव्हिजन याच डोंगरावर झुंजली.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची नावं शोधणारे बरेचदा थडगी धुंडाळत बसतात. हिंदू आणि शीख सैनिकांचं बहुधा दहन झालं, म्हणून नावं स्मारकांवर सापडतात. सांग्रो नदी आणि फोर्ली इथे खास दहन-स्मारकं आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस विजेते नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांचं नाव मात्र कॅसिनोच्या दफनभूमीतल्या स्मारकावरच आहे. नाव स्मारकाच्या कोणत्या पॅनेलवर आहे तो क्रमांक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (ही थडगी-स्मारकं सांभाळणारी संस्था) साइटवरून आधीच उतरवून घ्या. आडनावाचं स्पेलिंग भलतंच असू शकतं, तेव्हा रेजिमेंट आणि तारीख टाकून शोधलेलं बरं.

घाडग्यांचं सूर्यघड्याळ-स्मारक मोन्टोनेला, पेरुजाच्या उत्तरेला आहे. त्यासाठी वेगळा दिवस आणि भाड्याची गाडी धरा.