घरपट्टीला क्यूआर पुरत नाही
यूपीआय आलं की करवसुली आपोआप वाढते, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटलं. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदी पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तर बेंगळुरूत कित्येकांनी क्यूआर काढून 'फक्त रोख'च्या पाट्या लावल्या. नोटीस ताजी भाजी विकणाऱ्यालाही आली, आणि ताज्या भाजीवर तर मुळात जीएसटीच नाही!

घरपट्टीचं गणित वेगळं. तिथे उलाढाल लपवायचा प्रश्न नाही, घर दिसतंच. इथे नाशिकला सिडकोत आई सवलतीसाठी एप्रिलच्या उन्हात रांग लावायची, आता मी मोबाइलवर दोन मिनिटांत भरतो. पण भरत तर आम्ही आधीही होतोच. शेजारचा वाढीव मजला मात्र बिलावर अजून चढलेला नाही. तो मोजायला टेप घेऊन माणूसच यावा लागतो.